सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाऊन ऐका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात कारखान्यांतल्या वीजबचतीवर आलेला पानभर लेख मी दोनदा वाचला. सोलर आलं, रोबो आले, मोबाईलवर दिसणारे मीटर आले, नव्या मोटरी आल्या. कॉम्प्रेसरचं, म्हणजे हवा दाबून नळ्यांत भरणाऱ्या यंत्राचं, नाव एकदाही नाही. एकतीस वर्षं कोल्हापुरात फौंड्रीचं (लोखंड ओतून सुटे भाग करणाऱ्या कारखान्याचं) मेंटेनन्स सांभाळलेल्या माणसाला हे वाचून राग येणारच. रात्री लिहिलं असतं तर भाषा घसरली असती, म्हणून सकाळी बसलो आहे.

लेखकाने कधी फेटलिंग विभागात, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात तिथे, पाय ठेवला आहे का, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. तिथे ग्राइंडर कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेवर, चिपिंग हॅमर हवेवर, वाळू झटकायची ती हवेने, आणि उन्हाळ्यात पोरं अंगावर वारा घेतात तोही त्याच नळीने. (हे फार धोक्याचं आहे. कानात, डोळ्यात ती हवा गेली तर माणूस जन्माचा जायबंदी होतो. सुपरवायझरांनी पाहून न पाहिल्यासारखं करू नये.) कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला जेमतेम दहावा हिस्सा प्रत्यक्ष कामाला येतो, बाकीची उष्णता होऊन जाते. कारखान्यात हवेइतकी महाग वीज दुसरी कुठलीच पडत नाही, आणि हवेइतकी बेफिकिरीही दुसऱ्या कशाबद्दल नसते. गळका नळ दिसला तर माणूस उठून बंद करतो. गळक्या होजकडे (हवेच्या रबरी नळीकडे) बोट दाखवलं की आमची पोरं म्हणायची, "मामा, हवाच हाय की ती."

२०१७ ची खंडेनवमी मला आजही आठवते. मशिनींना हार घातले, नारळ फोडले, पेढे वाटले आणि सगळे घरी गेले. कॉम्प्रेसर मात्र चालूच राहिला होता. तो बंद करायला म्हणून मी आणि एक फिटर मागे थांबलो. शॉप इतकं शांत मी कधी अनुभवलं नव्हतं, आणि त्या शांततेत चारी बाजूंनी सूं-सूं आवाज. भिंतीवरच्या लाइनमधून, खांबांवरून, प्रत्येक मशिनीच्या पायथ्यातून. एकही मशीन चालू नाही, एकही माणूस हवा वापरत नाही, तरी ७५ एचपीचा (म्हणजे ५५ किलोवॅटचा) स्क्रू कॉम्प्रेसर लोड घेतोय, सोडतोय, पुन्हा घेतोय. लोडवर तो हवा भरतो, अनलोडवर नुसता फिरतो.

मी घड्याळ काढलं. दीड मिनिट लोड, साडेतीन मिनिटं अनलोड. दहा वेळा मोजलं, पाच-सात सेकंदांपलीकडे फरक नाही. हिशेब शाळेतल्या पोराला जमेल असा आहे. दीड अधिक साडेतीन म्हणजे पाच. पाचातले दीड म्हणजे ३० टक्के. कॉम्प्रेसर जेवढी हवा भरू शकतो तिच्यातली ३० टक्के कुणाच्याही कामी न येता बाहेर पडत होती. ५५ किलोवॅटचे ३० टक्के साडेसोळा. तीन पाळ्यांचे २४ तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ९,९०० युनिट. तेव्हाच्या दराने महिन्याला सत्तर हजारांच्या घरात. अनलोडवर फिरताना तो जी वीज खातो ती यात धरलेलीच नाही. ही मोजणी मी शोधून काढलेली नाही, ऊर्जा ऑडिटरांना हीच शिकवतात. तिला घड्याळाशिवाय काही लागत नाही.

पुढच्या तीन सोमवारी, म्हणजे आमच्या साप्ताहिक सुट्टीला, मी दोन फिटर घेऊन आलो. साबणाचं पाणी, ब्रश आणि पिवळा खडू. ६४ ठिकाणी बुडबुडे आले. बहुतेक ठिकाणी सैल क्लॅम्प, झिजलेली कपलिंग, वर्षानुवर्षं न बदललेले होज. एक ड्रेन व्हॉल्व्ह तर पाणी साठू नये म्हणून कुणीतरी तारेने बांधून कायमचा अर्धवट उघडा ठेवला होता. सात किलो (चौरस सेंटीमीटरला) दाबावर तीन मिलीमीटरचं एक भोक तीन किलोवॅट खातं, वाचकांनी याची कल्पना करावी. तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी पुन्हा मोजलं तेव्हा गळती ११ टक्क्यांवर आली होती.

त्याआधी फेटलिंगवाल्यांची रोजची ओरड होती की हवेला जोर नाही. म्हणून आम्हीच दाब सहावरून साडेसातवर नेला होता. दाब एक किलोने वाढवला की वीज सहा-सात टक्के जास्त लागते, आणि त्याच भोकांतून हवाही जास्त जाते. मग टोकाला पुन्हा जोर कमी पडतो. आमच्याकडे दुसऱ्या कॉम्प्रेसरचं कोटेशन येऊन पडलं होतं ते या फेऱ्यामुळेच. गळती बुजवल्यावर मी दाब साडेसहावर आणला, आणि कुणाची तक्रार आली नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या दोन फिटरांच्या तीन सोमवारच्या ओव्हरटाइमची चिठ्ठी मी पाठवली. सगळे मिळून साडेसात हजारही नव्हते. अकाउंट्समधून ती परत आली, 'पूर्वपरवानगी नाही' असा शेरा मारून. मी तीनदा वर गेलो, मोजणीचा कागद दाखवला. "बंद दिवशी माणसं लावायला कुणी सांगितलं होतं?" एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी ते पैसे मी माझ्या पगारातून दिले, कारण त्या दोघांनी माझ्या शब्दावर घरची सुट्टी सोडली होती. त्याच आठवड्यात लाखोंचं लाइट बिल ऑफिसात आलं आणि एकही प्रश्न न विचारता सही होऊन गेलं. पुढे सोमवारी कुणाला बोलवायची माझीच हिंमत झाली नाही. वर्षभरात सूं-सूं परत आली आणि दुसरा कॉम्प्रेसरही आला.

संपादक महाशय, तुमच्या लेखात नसलेली गोष्ट ती हीच. मशीन चालवणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला बिल कधी दिसत नाही, आणि बिलावर सही करणारा मशीनजवळ येत नाही. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामाला लागते ते प्रमाण, बिलावर छापून येतो, म्हणून तो मालकाला पाठ असतो. १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की आकडा वाढतो अशा मापावर, आलं, तेव्हा पॉवर फॅक्टर सुधारणारी, कधी न उघडलेली कपॅसिटर पॅनेलं उघडून तपासली गेली. गळतीला बिलावर ओळ नाही, म्हणून ती कुणाचीच नाही. कॉम्प्रेसरला स्वतंत्र मीटर बसवा आणि रोजचा आकडा शॉपमध्ये फळ्यावर लिहा. रोबोच्या कितीतरी आधी हे होऊ शकतं. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ऑडिटची सक्ती आहे ती मोठ्या वीज खाणाऱ्यांवर. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या फौंड्र्यांना मालकाने बोलावल्याशिवाय कुणी मोजायला येत नाही.

भट्टीबद्दल तुमच्या लेखात दोन परिच्छेद आहेत, तेही नवी भट्टी घ्या असं सांगणारे. इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. धातूच्या तपासणीचा लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत झाकण न लावता धातू तापत ठेवला तर त्यावर आणखी किती जातात, हे जुन्या भट्टीवरचा कोणताही मेल्टर सांगेल. झाकण लावायला नवी भट्टी लागत नाही.

आणखी एक. त्याच लेखाच्या चौकटीत 'रोज २०० किलोवॅट वीज वाचली' असं छापलं आहे. किलोवॅट म्हणजे कोणत्याही क्षणी लागणारी ताकद. वाचतात ती युनिट, म्हणजे किलोवॅट-तास. रोज २०० किलोवॅट वाचले या वाक्याला काही अर्थच होत नाही. ही चूक मी तुमच्या अंकात कितीतरी वेळा पाहिली आहे. आयटीआयच्या पहिल्या वर्षाचा मुलगा ती करत नाही. विजेवर लिहिताना एखाद्या वायरमनला विचारून घ्यावं, ही कळकळीची विनंती.

आणि गेल्या १४ डिसेंबरला, ऊर्जा संवर्धन दिनाला, मी याच विषयावर पत्र पाठवलं होतं. तुम्ही छापलंत, आभारी आहे. पण त्यातले सगळे आकडे गाळून 'वीज वाचवणे काळाची गरज' एवढंच ठेवलंत. ते वाक्य माझं नव्हतं. या वेळी जागा कमी असेल तर माझा राग कापा, आकडे राहू द्या. एखादा सुपरवायझर येत्या सोमवारी बंद शॉपमध्ये घड्याळ घेऊन उभा राहिला, तर दीड आणि साडेतीनचं काय करायचं हे त्याला त्या आकड्यांवरूनच कळणार आहे.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स सुपरवायझर, कोल्हापूर