चिवारा कुणाच्या शेतात नाचणार? फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक मंत्री,
फ्रान्स सरकार, पॅरिस यांस,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारी येथे पॅरिसमधील एका संग्रहालयात, पश्चिम आफ्रिकेतील माली देशाच्या माझ्या सहकाऱ्याबरोबर मी चिवारासमोर, म्हणजे त्याच्या देशातील नाचात डोक्यावर बांधायच्या कोरीव लाकडी हरणासमोर, उभा होतो. पाटीवर इतकेच होते : शिरोभूषण, माली, लाकूड. ते कोणत्या गावचे, असे त्याने विचारताच लेखी अर्ज करा, असे उत्तर मिळाले. तसा अर्ज त्याने दोन वर्षांपूर्वीच केलेला आहे आणि त्याची पोचसुद्धा त्याला मिळालेली नाही.

शेत कसणारा रानपशू, असा चिवारा या नावाचा अर्थ आहे. माणसाला शेती त्यानेच शिकवली, असे मालीतील बामाना समाजाचे शेतकरी मानतात. लांब शिंगांचे हे कोरीव हरीण वेताच्या टोपीवर बसवून डोक्यावर बांधतात, नाचणाऱ्याचे अंग काळपट तंतूंनी झाकतात आणि नर व मादी अशी जोडी दोन्ही हातांत काठ्या टेकत, कमरेत वाकून शेतात नाचते. मादीच्या पाठीवर पाडस असते आणि बायका गाऊन कष्टाळू शेतकऱ्याचा गौरव करतात. काचेमागच्या त्या चिवाराला टोपी नव्हती, तंतू नव्हते, जोडीदारही नव्हता. मी मोखाड्याकडचा आहे. आमच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून सोंगे नाचवण्याच्या उत्सवात, मुखवट्याची पूजा होते, मग तो चढतो आणि संबळ वाजला की सोंग निघते. भिंतीला टांगलेला मुखवटा आमच्या लेखी झोपलेला असतो. म्हणून सहकाऱ्याचा अपमान मला परका वाटला नाही.

आफ्रिकेचा वारसा परत करण्यासाठी पाच वर्षांत योग्य परिस्थिती निर्माण करू, असे आपल्या राष्ट्राध्यक्षांनी नोव्हेंबर 2017 मध्ये बुर्किना फासोची राजधानी वागादुगू येथे जाहीर केले. पुढच्याच वर्षी सरकारनेच मागवलेल्या अहवालाने सांगितले की, सहारापलीकडच्या आफ्रिकेतील सुमारे 90 हजार वस्तू फ्रान्सच्या सार्वजनिक संग्रहांत आहेत आणि त्यांपैकी जवळपास 70 हजार पॅरिसच्या एकट्या के ब्रान्ली संग्रहालयात आहेत. पाच वर्षे सरली तेव्हा हिशेब काय होता? बेनिनला 26 वस्तू आणि सेनेगलला एक तलवार. त्यांत नाचाचा एकही मुखवटा नव्हता आणि मालीच्या वाट्याला काहीच आले नाही.

या वस्तू रीतसर मिळवल्या, असे आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवले जाते. 1931 साली डाकार ते जिबूती निघालेल्या सरकारी मोहिमेने मालीतील केमेनी गावातून कोनो या दीक्षा देणाऱ्या धार्मिक मंडळाची पवित्र वस्तू दहा फ्रँक पुढे करून आणि पोलिसांचा धाक दाखवून नेली. हे मोहिमेच्या सचिवानेच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. मग ‘रीतसर’ या शब्दाला काय अर्थ उरतो?

माझ्या सहकाऱ्याच्या वडिलांनी तरुणपणी चिवारा नाचवला. तो पाहण्यासाठी येथे येण्याचा व्हिसा त्यांना दोनदा नाकारला गेला. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे लाकूड समुद्र ओलांडू शकते आणि शेतकरी ओलांडू शकत नाही, ही व्यवस्था कोणासाठी उभी आहे, याचे उत्तर आपण द्यावे. आता त्या गावांतही हा नाच विरळ झाला आहे. तो येणारी आणि आठवणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत आणि ती आपल्या समित्यांच्या बैठकांसाठी थांबणार नाहीत.

वस्तू केवळ उसन्या देण्याची भाषा सोडून मालीच्या वस्तू मालीला द्याव्यात. तोवर निदान प्रत्येक पाटीवर ती वस्तू कोणी, केव्हा आणि कशी आणली, हे लिहावे. सहकाऱ्याच्या संमतीने त्याच्या अर्जाची प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे.

आपला,
पॅरिसमध्ये राहणारा एक मराठी माणूस