मशीन आठ फुटी म्हणून किंमत कोटीची होत नाही हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरचा जुना वाचक. पूर्वी सांगलीत सकाळी चहाबरोबर वाचायचो, आता इथे शिकागोजवळ रात्री अंथरुणात पडून फोनवर वाचतो, फरक एवढाच. गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंच्या छंदावर लेख आला होता त्यात एक फोटो होता बघा, एक अगडबंब पिनबॉल मशीन (नाणं टाकून काचेखालचा बॉल उडवत खेळायचं ते) आणि शेजारी उभा असलेला बाप्या शाळकरी पोरासारखा दिसतोय. खाली छापलं होतं, १९३०च्या दशकातलं दुर्मिळ मशीन, किंमत कोटीच्या घरात. बाकी लेख छान होता, तांब्यापितळेच्या भांड्यांचा भाग तर मी बायकोला वाचून दाखवला, पण त्या फोटोखालची ओळ साफ चुकलेली आहे आणि तिच्यापायी माझा पुण्याचा भाचा मला चार दिवस रोज फोन करतोय, म्हणून हे पत्र.

आधी मशीनची ओळख करून देतो. ते आहे अटारी कंपनीचं 'हर्क्युलिस', साल १९७९. होय, व्हिडिओ गेमवाली तीच अटारी. १९७६ मध्ये त्यांनी 'अटेरियन्स' नावाचं नेहमीपेक्षा रुंद मशीन काढून पिनबॉलमध्ये उडी मारली आणि १९७९ मध्ये पिनबॉलचं दुकान गुंडाळलं, त्यांचं शेवटचं मशीन हेच. व्यापारी तत्त्वावर विकलेलं जगातलं सगळ्यात मोठं पिनबॉल म्हणतात ते हे. उंची ८३ इंच, रुंदी ३९ इंच आणि लांबी ९३ इंच म्हणजे पावणेआठ फूट. आपल्याकडच्या वन रूम किचनमध्ये हे ठेवलं तर माणसांनी गॅलरीत झोपायचं.

१९३०च्या दशकात असलं काही असणं शक्यच नाही. त्या काळातलं पिनबॉल म्हणजे आपलं बगाटेल. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी खेळायचो ते, लाकडी फळी, अर्धगोल ठोकलेले खिळे, उजवीकडे स्प्रिंगचा दांडा आणि सायकलच्या बेअरिंगचे छर्रे. मामा दुपारी झोपला की आम्ही खेळायचो आणि छर्रा फरशीवर पडून टणटण करत कपाटाखाली गेला की सगळ्यांना शिव्या. १८७१ साली सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हनं बगाटेलच्या सुधारणांचं पेटंट घेतलं, त्यातच तो स्प्रिंगचा दांडा. मग १९३१ ला शिकागोत गॉटलिब कंपनीनं 'बॅफल बॉल' काढलं, किंमत साडेसतरा डॉलर, दुकानाच्या काउंटरवर मावायचं. बॉलला परत वर मारणारे ते हात हलतात ना, फ्लिपर, ते १९४७ च्या 'हम्प्टी डम्प्टी'पासून आले. त्यामुळे खरोखर १९३०चं मशीन कोणी दाखवलं तर त्यात फ्लिपर नसणार, आणि गंमत म्हणजे ते वयानं मोठं असूनही महाग असेलच असं नाही, कारण खेळायला येतंय कोणाला? बघणारे दोन मिनिटं बघतात आणि पुढच्या मशीनकडे जातात.

आता किंमत. कोटी वगैरे विसरा. माझ्या पाहण्यात हर्क्युलिसचे जे सौदे झाले ते इथल्या बऱ्यापैकी सेकंडहँड गाडीच्या किमतीत झाले. का, ते सांगतो, कारण भाच्याला फोनवर तीन वेळा सांगून झालंय.

मी आयुष्यभर मोटारी आणि ट्रान्सफॉर्मरचं काम केलं त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. साध्या पिनबॉलचा बॉल स्टीलचा, २७ मिलिमीटरचा, वजन ८० ग्रॅम. हर्क्युलिसमध्ये चक्क बिलियर्ड्सचा पांढरा क्यू बॉल आहे, सव्वादोन इंची, १७० ग्रॅमच्या आसपास. तेवढाच बॉल स्टीलचा केला असता तर पाऊण किलोचा झाला असता आणि पहिल्याच दिवशी काच फुटली असती. बरं टेबल मोठं केलं, बॉल मोठा केला, सगळं मोठं केलं, पण गुरुत्वाकर्षण काही मोठं करता येत नाही, ते आहे तेवढंच राहतं. लांबी दुप्पट केली की त्याच उतारावरून बॉलला खाली यायला जवळजवळ दीडपट वेळ लागतो, त्यात बॉलचं वजन दुप्पट, म्हणजे फ्लिपरच्या कॉइलनं (फ्लिपर हलवणारी विजेच्या तारेची गुंडाळी) जीव तोडून ढकललं तरी बॉल आपला मारुतीच्या देवळातल्या म्हाताऱ्यासारखा सावकाश वर जातो आणि सावकाश परत येतो. लास व्हेगासच्या पिनबॉल हॉल ऑफ फेममध्ये मी हे मशीन खेळलोय. आवाजसुद्धा खणखणीत नाही, ठप्प, ठप्प. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मशीनला धक्का देता येत नाही! पिनबॉल खेळणारा माणूस दोन्ही हातांनी मशीन हलकेच ढकलतो, कंबरेनं रेटा देतो, जास्त झालं की टिल्ट होतं आणि डाव गेला, अर्धी मजा त्यातच. हर्क्युलिसला तुम्ही काय ढकलणार, भिंत ढकलल्यासारखं आहे ते.

मग बनवलं कशाला? तर जत्रेत पाळणा दिसला की पोरं ओढत नेतात तसं हे मशीन दारात ठेवायचं. माणूस थांबतो, हसतो, एकदा नाणं टाकतो, फोटो काढतो. दुसरं नाणं टाकत नाही.

आमच्या ऑफिसातल्या एका मित्राला ही अक्कल विकत घ्यावी लागली. बंद पडलेल्या एका करमणूक केंद्रातलं हर्क्युलिस त्याला एका डीलरनं विकलं, डीलर म्हणाला शंभर टक्के चालू, नुसतं प्लग लावा. किती दिले ते लिहीत नाही, त्याची बायकोही मराठी आहे आणि हा पेपर वाचते. ट्रक आला तेव्हा आम्ही पाच जण उभे. वरचं डोकं काढून वेगळं केलं, खालची पेटी दारापाशी नेली आणि टेप लावला तर पेटी ३९ इंच आणि दार ३६. आडवी करून कशीबशी आत घेतली तर बेसमेंटच्या जिन्याला मधेच वळण. दोन तास आम्ही गणपती विसर्जनाला निघाल्यासारखे त्या जिन्यावर उभे होतो, एक म्हणतो डावीकडून घे, दुसरा म्हणतो थांब थांब माझं बोट. शेवटी गेली गॅरेजमध्ये. प्लग लावला, चार दिवे लागले आणि एक फ्लिपर मेला.

पण खरा घोटाळा जानेवारीत झाला. डोक्यावरची जी रंगीत काच असते ना, बॅकग्लास, तिचं चित्र काचेच्या मागच्या बाजूनं छापलेलं असतं. मागे बल्ब, ते तापतात, गार होतात, त्यात आमच्याकडची थंडी म्हणजे उणे वीस, गॅरेजला हीटर नाही. मार्चमध्ये बघतो तर त्या काचेच्या आतून ओल आलेल्या भिंतीचे निघतात तसे पोपडे निघालेले, बोट लावलं की भुगा. रंग एकदा सुटला की मूळ चित्र परत येत नाही, असलेलं फक्त जपता येतं. किंमत तिथेच अर्धी झाली. नामी मशीनच्या काचा नव्यानं छापून मिळतात, पण हर्क्युलिसची काच, त्याचे फ्लिपर, बॉल आपटायचे टार्गेट, सगळं अवाढव्य, दुसऱ्या कुठल्याच मशीनचं काही बसत नाही. त्यानं वर्षभरात तोटा खाऊन विकलं.

माझं स्वतःचं मशीन साधं आहे, विल्यम्स कंपनीचं 'फ्लॅश', तेही १९७९चंच. योगायोग असा की ते डिझाइन करणारा स्टीव्ह रिची त्याआधी अटारीतच होता, तिथून विल्यम्समध्ये आला आणि हे केलं. त्याची १९,५०५ मशीन बनली, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही. तरी मी ते विकायला काढलं तर माणसं येतील, कारण वेगवान आहे आणि पार्ट मिळतात. मी घेतलं तेव्हा डोक्यातल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर तीन पेन्सिल सेल होते, आधीच्या मालकानं किती वर्षं बदलले नव्हते देव जाणे, फुटून सगळीकडे हिरवंपांढरं मीठ साचलेलं आणि खालच्या पट्ट्या खाऊन टाकलेल्या. टूथब्रश आणि पांढरं व्हिनेगर घेऊन चार रविवार घासत होतो, घरभर लोणच्यासारखा वास. मग दोन बोर्डांना जोडणारा ४० पिनांचा कनेक्टर, तो ढिला झाला की मशीनला भूतबाधा झाल्यासारखं होतं, एका जागी बॉल लागतो आणि भलतीच कॉइल उडते. तो बदलला आणि तेव्हापासून मशीन नीट चालतंय. म्हणून कोणी मला किंमत विचारली की मी आधी समोरचं नाण्याचं दार उघडून आणि डोकं उघडून बोर्ड बघतो, मग खेळायच्या पाटीवर दिव्यांभोवतीचा रंग बघतो, लाकूड दिसायला लागलंय का, मग बॅकग्लास, आणि मशीन किती जुनं हे सगळ्यात शेवटी विचारतो.

मोठ्या मशीनना किंमत नाहीच असंही नाही हां. १९९३चं 'ट्वायलाइट झोन' घ्या, पॅट लॉलरनं डिझाइन केलेलं. नेहमीच्या पाटीपेक्षा तीनेक इंच रुंद, १५ हजारांवर बनलं, आणि आज लोक त्याच्यासाठी रांग लावतात. त्यात एक बॉल पांढरा सिरॅमिकचा आहे, बाकीच्यांपेक्षा हलका आणि लोहचुंबकाला दाद न देणारा, तो आला की हाताचा अंदाजच चुकतो. म्हणजे ते तीन इंच वाया घालवले नाहीत, त्यात खेळ भरला. आणि १९९२चं 'ऍडम्स फॅमिली', तेही लॉलरचंच, २०,२७० मशीन, त्या काळचं सगळ्यात जास्त खपलेलं. कुठेही मिळतं आणि तरी महाग आहे, कारण ज्यांनी कॉलेजात असताना त्यात नाणी टाकली त्यांच्याकडे आता पैसे आहेत आणि मोठं बेसमेंट आहे. १९८५ पासून शिकागोला दरवर्षी पिनबॉल एक्स्पो भरतो तिथे जाऊन बघा, हे पन्नाशीचे बाप्ये एकेका मशीनसमोर कसे उभे असतात ते.

तर भाचा. त्याला कोथरूडला कॅफे काढायचाय आणि तुमचा फोटो बघून त्याच्या डोक्यात भरलं की हेच मशीन मामानं इथून पाठवायचं, इन्स्टावर कॅफे फेमस होईल आणि पुढे कोटीला विकता येईल. मी म्हटलं बाबा रे, हे जसं उभं आहे तसं मोजलं तर पाच घनमीटर होतंय, जहाजवाले जागेचे पैसे घेतात. इथली वीज १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, तुझ्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, ट्रान्सफॉर्मरच्या जोडण्या बदलाव्या लागतील नाहीतर पहिल्या संध्याकाळी धूर. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कनेक्टर गंजणार, प्लायवूड फुगणार आणि त्या काचेचे पोपडे. दुरुस्तीला कोणाला बोलावशील, फ्रीजवाल्याला? तर म्हणतो मामा, पण पेपरात आलंय.

तेव्हा कृपया एवढं छापा की फोटोतलं मशीन १९७९चं आहे, अटारीचं हर्क्युलिस आहे आणि कोटीचा आकडा चुकीचा आहे. माझं नाही ऐकलं तरी तुमचं ऐकेल तो.

ता. क. पत्र लिहून झालं आणि त्याचा मेसेज आला. मशीनचा नाद सोडलाय म्हणे, आता सुताराकडून आठ फुटी बगाटेल करून घेतोय, छर्‍यांऐवजी काय वापरायचं ते मामाला विचारतोय. बिलियर्डचा बॉल असं काही मी सांगणार नाही.

आपला,
एक वाचक
मूळ सांगली, सध्या शिकागोजवळ