ब्रेकर झाला, बंड्या

नागपूर, ८ जुलै

प्रिय बंड्या,

मार्चपासून तुझे तीन फोन मी उचलले नाहीत. कामात वगैरे नव्हतो, रागात होतो. आता राग उतरला आणि लाज चढली, म्हणून पत्र. फोनवर तू मधेच हसला असतास.

आपल्या गल्लीत स्पीड ब्रेकर झाला. शाळेच्या फाटकापासून वीस पावलांवर. नारळ मी फोडला. तर्री-पोहे झाले, माझा सत्कारही होणार होता, पण शाल आणणारा पावसात अडकला. बरंच झालं म्हण.

गच्चीवरचं भांडण तू विसरला नसशील. तू पाकिटाच्या मागे काढून दाखवलं होतंस : उंची दहा सेंटिमीटर, पण रस्त्याच्या दिशेनं लांबी ३.७ मीटर, पसरट पाठीचा, ताशी २५ नं जाणाऱ्याला धक्काही लागू नये असा. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप. वर म्हणालास, नुसता ब्रेकर मागू नका, फाटकासमोरचं क्रॉसिंगच ओट्यासारखं उचलून घ्या आणि गल्लीचं तोंड अरुंद करा. मी म्हणालो, पुस्तकं पुण्यात ठेव बे, इथं पोरं रस्ता ओलांडतात. वहिनींसमोर बोललो, ते चुकलंच. पाकीट फाडलं, तेही.

पण माझी बाजू ऐक. डांबरी रस्ता होता तोवर खड्डेच आपले ब्रेकर होते. सिमेंट झालं आणि रिंग रोडचा सिग्नल चुकवणारा जो तो आपल्या गल्लीत घुसायला लागला. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर, तूच शिकवलंस. फाटकापासून आपल्या निंबाच्या झाडापर्यंत एक सेकंद! त्यात दुसरीतलं पोर काय वळून पाहणार?

मग आम्ही खुर्च्या टाकून बसलो, सकाळी शाळा भरताना. वाटलं होतं, गाड्या पळवणारे सगळे बाहेरचे असतील. निघाले पालकच. आपलं पोर उतरवलं की दुसऱ्याच्या पोराच्या अंगावरून गाडी काढायला मोकळे. एक नववीतला तर स्वतःच स्कूटर घेऊन आला. पोर अठराच्या आतलं असलं तर २०१९ च्या दुरुस्तीनं पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मी सभेत वाचून दाखवलं. त्याचा बाप म्हणे, "सापडलं तर ना, काकाजी!"

लुना घेतली तेव्हा आपण कितवीत होतो, हे मी सभेत काढलं नाही. काढायची गरजच पडली नाही. ब्रेकरच्या अर्जावर पहिली सही काकूंनी केली, चष्मा सारखा करत म्हणाल्या, "तेव्हा लुनावर तुम्ही दोघंच होता ना रे?" पस्तीस वर्षं त्यांना ठाऊक होतं, बंड्या. आणि आपण त्यांच्याकडे दर दिवाळीला चकल्या खात होतो.

असो. शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडायची. ठेकेदाराची माणसं रात्री आली, दोन तासांत गिट्टी-डांबर टाकून मोकळी. पट्टे? "पाऊस उघडला की मारू." आणि मी, समितीचा शहाणा, म्हणालो, पट्टे राहू द्या, ब्रेकर शाळेआधी झाला पाहिजे. झाला. बसलेल्या म्हशीसारखा, आखूड आणि उभा.

चौथ्या रात्री पाऊस होता, खांबावरचा दिवा बंद. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला बायकोला मागे बसवून येत होता. ती उडाली. मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. मी दवाखान्यात गेलो तर तो उठून उभा राहिला आणि मलाच म्हणतो, "माफ करा काकाजी, तुमचा ब्रेकर दिसलाच नाही."

तुमचा ब्रेकर. रात्री झोपेत हेच ऐकू येतं. पैसे दिले, त्यानं अर्धे परत केले.

आता गल्लीत दोन पार्ट्या. एक म्हणते उखडा, दुसरी म्हणते पलीकडे आणखी एक टाका. दुचाकीवाल्यांनी तिसरा मार्ग काढला आहे : नालीच्या कडेला हातभर फट राहिली, तिथून सटकतात. पोरं चालतात तीही तिथूनच. पोरं म्हणतात, यंदा मारबतीच्या मिरवणुकीत ब्रेकरचाच पुतळा, बडग्या काढू. मी म्हटलं, तोंड माझं लावा.

उखडला तर पुन्हा सेकंदाला ११ मीटर. ठेवला तर दुसरं मनगट. संध्याकाळी मी त्यावर चुन्याचे पट्टे ओढतो. बायको म्हणते, रांगोळी घालताय का. पहाटेपर्यंत धुऊन जातात.

तू बरोबर होतास, हे एकदाच लिहितो, पुन्हा विचारू नकोस. ते माप परत पाठव, तुझ्या हातानं काढून, खाली सहीसकट. साहेबांसमोर माझी बडबड नाही, इंजिनिअरचा कागद टेकवायचा आहे. ओट्यासारख्या क्रॉसिंगचंही काढ. नालीकडची फट कशी बुजवायची, पाणी न अडवता, तेही.

आईची शुगर ठीक. माझा गुडघा तसाच. धाकटीच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींना सांग, मी आलो की त्यांच्यासमोरच माफी मागेन, तू खोलीत नसलास तर बरं.

तुझा,
नाना

ता.क. पाऊस उघडला आहे. चुना घेऊन निघतो.