शब्दांचे नाते कानावरून ठरत नाही

संपादक महोदय,

‘फादर पितृवरून आला, डोअर द्वारवरून, डे दिवसावरून, बॅड बदवरून, शुगर साखरेवरून’ अशा याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात आणि अधूनमधून वर्तमानपत्रांच्या भाषाविषयक सदरांतही उतरतात. निष्कर्ष ठरलेला असतो: इंग्रजी ही संस्कृतची लेक. विषय इतका सुंदर आहे की तो असा हातासरशी उरकलेला पाहवत नाही. या पाच जोड्या तीन निरनिराळ्या जातींच्या आहेत. फादर आणि डोअर हे पितृ व द्वार यांचे चुलत भाऊ. शुगर उसना आलेला. डे आणि बॅड यांचा दिवस आणि बद यांच्याशी काडीचाही संबंध नाही.

हे ठरवताना कान फसवतो. पाहायचा असतो तो दोन शब्दांमधला फरक, आणि तोच फरक आणखी चार-सहा जोड्यांत सापडतो का. संस्कृत प तिथे इंग्रजी फ: पितृ–फादर, पाद–फूट, पंच–फाइव्ह. त तिथे थ: त्रि–थ्री, तनु–थिन. द तिथे ट: द्वि–टू, दश–टेन, दंत–टूथ. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२मध्ये हे नियम नीट मांडले. आता दिवस–डे लावून पाहा. संस्कृत द असेल तर इंग्रजीत ट हवा. ड येतो तो संस्कृत ध असेल तिथे, जसे विधवा–विडो, मधु–मीड. जोडी तिथेच बाद होते. ‘दिव्’ या धातूच्या घराण्यातला खरा इंग्रजी शब्द ‘ट्यूज्डे’च्या पहिल्या भागात दडलेला आहे. तो ‘ट्यू’ म्हणजे जुना जर्मानिक (इंग्रजी-जर्मन ज्या शाखेतल्या, तिचा) देव तीव, आणि त्याचे नाव आपल्या ‘देव’चेच भावंड.

जाणकार वाचक इथे विचारेल, मग द्वार–डोअर कसे? तिथेही द आणि ड आहेत. ग्रीक ‘थिरा’ पाहिला की उलगडा होतो. ग्रीक थ हा या भाषांच्या समान मूळ भाषेतला ध सांगतो. म्हणजे इंग्रजी ड नियमाला धरूनच आहे आणि महाप्राण, म्हणजे ध मधला हकार, गळला तो संस्कृतात.

बद–बॅड तर अर्थासकट जुळते, म्हणून जास्त फसवे. पण मागे गेले की दोघांची तोंडे दोन दिशांना होतात: मध्ययुगीन फारसीत हा शब्द ‘वद’ होता, इंग्रजीत मात्र ब आधीपासून आहे. आपण वापरतो तो ‘बदनाम’ या बाबतीत फार शिकवणारा शब्द आहे. त्यातला ‘बद’ इंग्रजी बॅडचा कोणी नाही, ‘नाम’ मात्र इंग्रजी नेमचा खराखुरा नातलग.

नात्यातले शब्द उलट अनेकदा ओळखूही येत नाहीत. ‘सायकलचे चाक’ म्हणताना आपण एकाच कुळातले दोन शब्द शेजारी ठेवतो. चाक आले संस्कृत चक्र, प्राकृत चक्क या वाटेने. सायकल आली ग्रीक ‘क्युक्लोस’पासून इंग्रजीमार्गे. चरखा फारसी ‘चर्ख’मधून आला, तोही चक्राचा इराणी भाऊ. आणि इंग्रजी व्हील? क तिथे जर्मानिक ह, हा नियम लावा. जुने इंग्रजी रूप ‘ह्वेओल’ आहे आणि आजच्या स्पेलिंगमधला एच ही त्याचीच खूण. घाम, गरम आणि थर्मामीटर यांचेही तसेच: पहिला संस्कृत घर्मपासून घरात वाढलेला, दुसरा फारसीतून आलेला, तिसऱ्याचा पहिला भाग ग्रीक ‘थर्मोस’. पितृपक्षातले पितर, पोर्तुगीजांबरोबर आलेला पाद्री आणि त्याला हाक मारायचा फादर हे त्रिकूट वसई-गोव्याच्या वाचकांना सांगायला नको.

साखरेची गोष्ट वेगळी. शर्करा, पाली सक्खरा, मराठी साखर ही घरची वाट. दुसरी वाट फारसी शकर, अरबी सुक्कर, मग इटली-फ्रान्समार्गे इंग्रजी शुगर. म्हणजे ‘मूळ भारतातले’ हा दावा खरा ठरतो तो वरच्या यादीत एकट्या साखरेबाबत, आणि ती उसनवारी आहे. वस्तूबरोबर शब्द प्रवास करतो. खाद्यपदार्थ, व्यापार, दरबार, कापडचोपड यांतल्या शब्दांवर आधी उसनवारीचाच संशय घ्यावा. मराठी तूप आणि कन्नड तुप्प हीसुद्धा शेजाऱ्यांतली देवघेव आहे, त्यावरून मराठी-कन्नड एका कुळाच्या ठरत नाहीत. आकडे, अवयव, नाती यांचे शब्द त्या मानाने भरवशाचे, तरी त्यातून आई, बाबा, मामा वगळावेत. तान्ह्या मुलाच्या ओठांना सोपे असलेले हे आवाज जगभर सापडतात.

राहिला ‘लेक’ हा शब्द. विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान उगमातून आल्याचे मांडले, आणि तो उगम आता कदाचित उरलेला नसेल असेही म्हटले. संस्कृत हा तो उगम नव्हे, याची साक्ष ‘पंच’ हा शब्द स्वतःच देतो. संस्कृतात क-वर्गीय ध्वनीचा च झाला तो पुढे ए किंवा इसारखा स्वर असेल तिथे. पंचमध्ये मात्र आज पुढे अ आहे, म्हणजे तिथे आधी ए असला पाहिजे. लॅटिन ‘क्विंक्वे’मध्ये तो क आणि तो ए दोन्ही शाबूत आहेत. म्हणजे इथे जुने रूप लॅटिनने राखले, बदललेले संस्कृतात दिसते. संस्कृतचे मोल याने तसूभर कमी होत नाही. तिच्या वैदिक स्वराघातांवाचून (शब्दातल्या कोणत्या स्वरावर जोर, याच्या खुणांवाचून) भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नर यांना १८७०च्या दशकात ग्रिमच्या नियमाचे अपवाद सोडवता आले नसते.

सदर लिहिणाऱ्यांना हे तपासणे अवघड नाही. मोल्सवर्थच्या मराठी कोशात शब्द संस्कृत, फारसी की अरबी हे आद्याक्षराने दिलेले असते. त्यापुढे कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश आणि टर्नर यांचा भारतीय आर्यभाषांचा तुलनात्मक कोश आहे. इंग्रजी शब्दाचे सर्वात जुने नोंदलेले रूप पाहावे, आजचे नव्हे. मग तोच ध्वनिबदल दाखवणाऱ्या निदान तीन जोड्या शोधाव्यात; त्या मिळाल्या नाहीत तर ती जोडी छापू नये. छापताना शब्दापुढे जुने रूप आणि तो कोणत्या भाषेतून, कोणत्या वाटेने आला, एवढी एक ओळ द्यावी. जागा कमी पडत असेल तर दहा जोड्यांऐवजी दोनच द्याव्यात, पण या ओळीसकट.

आपले,
तुलनात्मक भाषाविज्ञान शिकवणारे दोघे, पुणे