एक ओळ वाचायला लावलीत, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

समोर बसून बोलायला गेले की डोळेच भरून येतात, म्हणून लिहिते आहे.

मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीच्या गाठीच्या पहिल्या ऑपरेशननंतर दोन वर्षं मी एकच ऐकत होते, "गाठ काढली आहे, आता उगाच मनाला लावून घेऊ नका." हाडं ठणकत होती, मुतखडा पुन्हा झाला, रक्तातलं कॅल्शियम वाढून 11.4 वर अडलेलं, ते वाढवणारं या ग्रंथींचं हार्मोन, पीटीएच, चढलेलंच. रिपोर्ट पुढे केला तरी त्या डॉक्टरांनी मान वर केली नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या ग्रंथी, त्यातली एखादी भलतीकडेच दडून बसलेली. नाही सापडत कधीकधी, मान्य. पण "सापडली नाही" एवढं तरी सांगायचं! उलट मलाच वेड्यात काढलं.

तुम्ही जुनी फाइल पहिल्या पानापासून वाचलीत. जुन्या व्रणामुळे आतलं सगळं चिकटलेलं असतं, आवाजाच्या नसेला या वेळी धोका जास्त, हे लपवलं नाहीत. एका जहाजाच्या कप्तानाची अशीच गाठ 1932 मध्ये, सातव्या ऑपरेशनला छातीत सापडली, हेही सांगितलंत. माझ्यासारखं आणखी कुणी होतं, हे ऐकूनच किती हलकं वाटलं! मग विचारलंत, "आवाज सगळ्यात जास्त कशाला लागतो तुम्हाला?" मी म्हटलं, आईला दिसत नाही, तिला रोज पेपर वाचून दाखवते.

गाठ छातीच्या हाडामागे थायमस नावाच्या ग्रंथीत निघाली, ती काढल्यावर 10 मिनिटांत पीटीएच निम्म्याहून खाली उतरलं, हे सगळं मला नंतर कळलं. मला आठवतं ते वेगळंच. शुद्धीवर आले तर तुम्ही शेजारी बसून होतात. डोक्यावरची हिरवी टोपी तशीच, आणि हातात घडी घातलेला पेपर.

"आईंना वाचता तशी एक ओळ वाचा."

हवामानाची बातमी होती. घोगऱ्या आवाजात, अडखळत वाचली. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि माझा हात घट्ट धरलात. इतक्या तासांच्या ऑपरेशननंतर पेशंटची आई लक्षात राहते, पेपर आणायचं लक्षात राहतं! मॅडम, हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. अशी माणसं आहेत म्हणून आजारी माणसाला धीर धरवतो.

गाठ गेल्यावर कॅल्शियम आता उलट कमी पडतंय, म्हणून ओठांना, बोटांना अजून मुंग्या येतात, कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. पण आज सकाळी आईला अख्खा अग्रलेख वाचून दाखवला. तिनं तुमच्यासाठी निरोप दिलाय: "बाईंना सांग, स्पष्ट ऐकू येतंय."