दमामागचे शास्त्र समजावून देणाऱ्या सरांचे जाहीर आभार

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर पहाटे धावणाऱ्या आमच्या गटाला आपण एक पैसाही न घेता मार्गदर्शन केलेत, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सरावाची वेळापत्रके हल्ली मोबाइलवर ढिगाने मिळतात. आपण मात्र प्रत्येक सरावामागचे कारण सांगितलेत आणि चाळिशी ओलांडलेल्यांना आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला लावलीत.

दम लागतो तो फुप्फुसे कमी पडल्यामुळे, असा आमच्यापैकी बहुतेकांचा समज होता. निरोगी माणसाच्या बाबतीत मुख्य मर्यादा असते ती हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलू शकते याची, आणि त्याखालोखाल त्या रक्तातला ऑक्सिजन पायांचे स्नायू किती वापरू शकतात याची, हे आपण खडूने फरशीवर आकृती काढून समजावलेत. सावकाश आणि दीर्घकाळ धावल्याने स्नायूंमधले केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींतल्या तंतुकणिका (ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक, मायटोकॉन्ड्रिया) वाढतात आणि हृदय दर ठोक्याला अधिक रक्त देऊ लागते. या बदलांना कित्येक आठवडे, काही वेळा महिने लागतात, हे कळल्यावर आमची घाई आपोआप ओसरली.

आता सावकाश म्हणजे नेमके किती? शेजारून धावता धावता आपण विचारायचात, "आज डब्यात काय?" उत्तरादाखल नुसते "भेंडी" एवढेच बाहेर पडले, की वेग कमी करायला सांगायचात, भेंडी कशी परतली, मसाला कोणता घातला, इथपर्यंत वाक्ये पूर्ण होऊ लागली, की "हाच वेग धरा" म्हणायचात. हृदयाचे मिनिटाला कमाल ठोके काढण्याच्या '२२० वजा वय' या सूत्रापेक्षा मला ही कसोटी अधिक भरवशाची वाटते, कारण ते सूत्र सरासरीचे आहे आणि प्रत्यक्षात त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

जोराचा सराव आपण आठवड्यातून एकदाच ठेवलात: ४ मिनिटे वेगाने, ३ मिनिटे हलके, असे ४ वेळा. त्या दिवशी डब्याची चौकशी होत नसे, हेही नमूद केले पाहिजे.

अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांची १९६८ सालची, १२ मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर धावता येते हे पाहणारी चाचणीही आपल्यामुळेच कळली. १२ मिनिटांत २४०० मीटर अंतर कापणाऱ्याची कमाल ऑक्सिजन-क्षमता, म्हणजे व्हीओ टू मॅक्स, दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ४२ मिलिलिटर निघते; मनगटावरचे स्मार्ट घड्याळ या क्षमतेचा दाखवते तो आकडा काय किंवा चाचणीतून निघालेला हा काय, दोन्ही अंदाजच, खरे मोजमाप प्रयोगशाळेत मुखवटा लावून होते, हेही आपण बजावलेत. त्याच ओघात, आपल्या नाशिक जिल्ह्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ज्या १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, तिची बहुतांश ऊर्जा ऑक्सिजनच्या आधारेच तयार होते, हे ऐकून आमच्यातल्या तरुणांनी लांब पल्ल्याचा सराव मनावर घेतला.

उन्हाळ्यात त्याच वेगाला ठोके वाढतात, म्हणून पुढची चाचणी दिवाळीनंतर, मागच्या वेळेसारखी थंडी पडल्यावर घ्यावी, असे आम्ही ठरवले आहे. त्या दिवशी शिट्टी आणि स्टॉपवॉच आपल्याच हाती असावे, ही आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
पहाटेच्या गटातील एक धावपटू
नाशिक