चि. ओंकारला, डंडीच्या पत्त्यावर

लेस्टर,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

"तुला नाही कळणार, आई," म्हणून परवा तू फोन ठेवलास. आज नाइटला निघायला दोन तास आहेत, बाबा झोपलेत, आणि कागदावर बोलणाऱ्याला कोणी मध्येच तोडत नाही. म्हणून लिहिते. वाचताना हेडफोन तेवढे काढ.

तुझं म्हणणं मी ऐकलं होतं. खासदारांना गेममधलं ओ की ठो कळत नाही. लेबरने आणलेला इंटरनेटवर वय तपासायचा कायदा बावळट आहे. जो पक्ष तो रद्द करीन म्हणेल त्याला मेमध्ये आपलं मत, बाकी राजकारणाशी तुला देणंघेणं नाही. आता झिला, आधी माझीच चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील.

२००४ च्या उन्हाळ्यात मला लेस्टरला येऊन चार महिने झाले होते. वॉर्डच्या स्टाफरूममध्ये पेपर पडलेले असायचे आणि जुलै संपता संपता त्यांत एकाच गेमचं नाव होतं, मॅनहंट. याच शहरात चौदा वर्षांच्या एका मुलाचा त्याच्या सतरा वर्षांच्या मित्राने खून केला होता. गेलेल्या मुलाच्या आईवडिलांचं म्हणणं, त्या गेमनेच मारणाऱ्याचं डोकं फिरवलं. काही दुकानांनी गेम फळीवरून काढून टाकला. आमचे खासदार कीथ वाझ त्याविरुद्ध बोलत होते. वाझ म्हणजे जन्म एडनचा, पण आईवडील गोव्याचे. आपल्या बांद्याच्या पलीकडचाच माणूस, म्हणून मला ते जरा जास्तच खरे वाटायचे.

पोलिसांनी तेव्हाच सांगितलं होतं की खुनामागे लुटीचा हेतू होता. आणि गेम सापडला तो मारणाऱ्याकडे नाही, गेलेल्या पोराच्या खोलीत. हे सगळं छापून आलं होतं. मी मथळा वाचला आणि त्या मथळ्यावर दहा वर्षं घर चालवलं. आठव्या वर्षापर्यंत तुला एकही गेम मिळाला नाही तो त्यामुळे.

हे मला सांगितलं कोणी? तूच. इयर टेनच्या निबंधासाठी तू जुन्या बातम्या उकरल्यास आणि जेवताना मला एकेक वाचून दाखवलंस. भात गार झाला माझा त्या दिवशी. गेमवर कोणी काही बोललं की तू मुळाशी जातोस, पॅच नोट्स, म्हणजे गेममध्ये काय बदललं त्याच्या याद्या, शब्द न् शब्द वाचतोस, ट्रेलर बघून गेम घेणाऱ्यांना हसतोस. आणि पक्ष मात्र ट्रेलरवर घ्यायला निघालास. मला राग आला तो याचा.

राजकारणाशी देणंघेणं नाही, हे तू डंडीत बसून म्हणतोस याची मला गंमत वाटली. सप्टेंबरात तुला सोडायला आलो तेव्हा पर्थ रोडवरच्या बागेत लेमिंग्ज गेममधल्या त्या ब्राँझच्या पुतळ्यांजवळ तू आमच्याकडून अर्धा तास फोटो काढून घेतलेस. बाबांना थंडी वाजत होती म्हणून मी फोनवर वाचत बसले. त्या गावात टायमेक्सचा घड्याळांचा कारखाना होता आणि १९८२ पासून तिथे सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम कॉम्प्युटर जोडला जायचा. जोडणाऱ्या बहुतेक बायका. डेव्हिड जोन्स नावाचा पोरगा तिथेच शिकाऊ म्हणून कामाला होता. नोकरी सुटताना हातात आलेल्या पैशांतून त्याने अमिगा कॉम्प्युटर घेतला, पुढे मित्रांना जमवून डीएमए डिझाइन ही गेमची कंपनी काढली. १९९१ ला लेमिंग्ज, १९९७ ला ग्रँड थेफ्ट ऑटो. तुझ्या युनिव्हर्सिटीने गेमची पदवी सुरू केली तीही १९९७ ला, जगात पहिली.

आणि त्या बायका? १९९३ च्या जानेवारीत संप झाला, मालकाने त्यांना बाहेर काढून दार लावलं, ऑगस्टमध्ये कारखाना कायमचा बंद. तुझ्या आवडीचा सगळा धंदा त्या कारखान्याच्या राखेवर उभा आहे. तुझ्या शेजारच्या खोलीतला स्कॉटिश पोरगा तोच कोर्स फी न भरता करतो आणि तुझ्या नावावर वर्षाला नऊ हजार पाउंडांवर कर्ज चढतं, हे कोणी ठरवलं असं तुला वाटतं? गेमच्या देवाने?

खासदारांबद्दल मात्र तू अगदीच चूक नाहीस. ग्रँड थेफ्ट ऑटो बाजारात यायच्या आधीच, मे १९९७ मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्यावर प्रश्न विचारला गेला होता. आणि ती ओरड नीट व्हावी म्हणून गेम विकणाऱ्यांनीच मॅक्स क्लिफर्ड नावाचा प्रसिद्धीवाला नेमला होता! म्हणजे राजकारण्यांना गेम कळत नसतील, पण गेमवाल्यांना राजकारणी पुरते कळतात.

पण आता तसं राहिलेलं नाही. तू सही केलीस ना त्या अर्जावर, विकलेले गेम कंपन्यांनी मारून टाकू नयेत म्हणून? ३ नोव्हेंबरला सोमवारी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्यावर चर्चा झाली. मला सुट्टी होती, मी ती बघितली. तू बघितलीस का? विचारलं तर म्हणालास, "क्लिप पाहिली." मेल्या, सही तुझी आणि चर्चा मी बघायची!

तिथे स्वतः गेम खेळलेले खासदार बोलत होते. द क्रू नावाची गाड्यांची शर्यत, लोकांनी २०१४ पासून पैसे मोजून घेतलेली, मार्च २०२४ च्या शेवटी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचीसुद्धा सोय उरली नाही. हे त्यांना नीट माहीत होतं. पावणेदोन लाखांहून जास्त सह्या होत्या. एक लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो, दहा हजारांना सरकारचं लेखी उत्तर मिळतं. उत्तर दोन्ही वेळा एकच, कायदा बदलायचा विचार नाही. तुझ्यासारखीच मीही चिडले. विकलं म्हणायचं आणि चावी स्वतःकडे ठेवायची, ही कुठली रीत?

आपल्या वाडीच्या घरी आजोबांचा गंजिफांचा डबा आहे, दशावतारी, एकशेवीस गोल पानं. तो कोणी सर्व्हरवरून बंद केलेला नाही, हे मी तुला ऐकवणार होते. मग आठवलं, डबा आहे, रंगही उडालेला नाही, पण खेळायचं कसं ते आता घरात कोणालाच येत नाही. आजोबा गेले तेव्हा नियमही गेले. तेव्हा कंपनीवर सगळं ढकलून चालणार नाही की काय, असा एक किडा माझ्या डोक्यात शिरला आहे. सुट्टीत आलास की बोलू.

आता तो कायदा. ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट लेबरने आणलेला नाही. तो मंजूर झाला २६ ऑक्टोबर २०२३ ला, तेव्हा पंतप्रधान होते ऋषी सुनक. वय तपासणी सुरू झाली गेल्या २५ जुलैला, ती लेबरच्या काळात. दोघांचे हात त्यात आहेत. डिस्कॉर्ड या तुमच्या गप्पांच्या ॲपच्या चेहरा-तपासणीला पोरांनी डेथ स्ट्रँडिंग गेममधल्या सॅमचं तोंड दाखवून फसवलं, हे तू सांगितलेलं मी वॉर्डवर सांगून सगळ्यांना हसवलं. असा कायदा बावळट नाही तर काय! पण मुलांच्या वॉर्डला मी तीन वर्षं काढली आहेत. कोवळ्या पोरी काय करून घेऊन तिथे येतात आणि आधी फोनवर काय बघत होत्या, ते तुला कधी सांगितलेलं नाही, आताही सांगत नाही. म्हणून मी त्याला अर्धा बावळट म्हणेन.

आणि लूट बॉक्स, पैसे भरून उघडायच्या आणि आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या गेममधल्या त्या पेट्या? तिथे तुला सरकार नको असतं, "ज्याचे पैसे त्याची मर्जी." तेरा वर्षांचा असताना फुटबॉलच्या पाकिटांवर तू माझ्या कार्डावरचे ८६ पाउंड उडवलेस, तेव्हा मर्जी कोणाची होती रे? माझे मामा आकडा लावायचे. कल्याण मटक्याचा आकडा फुटायच्या वेळेला त्यांचा जो चेहरा व्हायचा, तोच मी तुझा पाकीट उघडताना बघितला. बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या पैशांच्या पेट्यांना जुगार ठरवलं. इथल्या सरकारने २०२२ मध्ये सांगितलं की जुगाराच्या कायद्यात घालणार नाही, कंपन्यांनीच स्वतःला आवर घालावा. मांजरीला दुधाची राखण. यावर तुझं माझं जमणार नाही, सोडून देऊ.

आता खरी गोष्ट. हीच लिहायची होती, तिच्याभोवती घिरट्या घालत बसले.

रिफॉर्म पक्षाने जुलैत सांगितलं की आम्ही तो कायदा रद्द करू. तुझ्या फोनवर ती क्लिप आली. त्याच पक्षाने सप्टेंबरात सांगितलं की इनडेफिनिट लीव्ह टू रिमेन, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, हा प्रकारच आम्ही बंद करू. ज्यांना ती मिळालेली आहे त्यांचीही जाईल, त्यांनी दर पाच वर्षांनी नव्याने व्हिसा मागायचा. ती क्लिप तुला आली नसावी.

ओंकार, तू २००७ मध्ये या लेस्टरला जन्मलास, पण ब्रिटिश म्हणून जन्मला नाहीस. हे तुला आम्ही कधी सांगितलं नव्हतं, सांगायची वेळ आली नव्हती. इथे जन्मलं की आपोआप नागरिक, हे १९८३ पासून बंद झालं. आईबापांपैकी एक तरी नागरिक नाहीतर कायमचा राहणारा लागतो. आम्ही दोघंही तेव्हा वर्क परमिटवर होतो. २००९ मध्ये मला ती परवानगी मिळाली, मग आम्ही तुझी नोंदणी केली, आणि दोन वर्षांचा असताना तू ब्रिटिश झालास. तुझ्या पासपोर्टच्या मुळाशी माझा तो एक कागद आहे. बाबांनी पुढे नागरिकत्व घेतलं. मी नाही घेतलं. घेतलं की भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो आणि माझी आई वाडीला आहे तोवर मला ते जमणार नाही. म्हणजे मी अजून त्याच परवानगीवर इथे राहते, या देशात येऊन एकवीस वर्षं झाली तरी.

कोणाला मत दे हे मी सांगत नाही. तुला त्यांनाच द्यायचं असेल तर दे. आपल्याच गल्लीत देणारे आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं चालणं आहे. पण तुझी आई त्या कागदावर आहे हे माहीत असून दे.

आणखी एक. ७ मे २०२६ ची निवडणूक स्कॉटलंडच्या पार्लमेंटची आहे. तो कायदा आणि व्हिसा, दोन्ही त्यांच्या अखत्यारीत नाहीत, ते लंडनचं काम. तुझ्या भाषेत सांगायचं तर बॉस वेगळ्या लेव्हलला आहे. फी, बस, दवाखाने, घरभाडं हे मात्र एडिनबराकडे. त्यावर कोण काय म्हणतंय ते वाच आणि मला फोनवर सांग, मला खरंच ठाऊक नाही. मला तिथे मत नाही.

मी इथे पहिलं मत दिलं ५ मे २००५ ला, भारताच्या पासपोर्टवर. कॉमनवेल्थमधल्या माणसाला इथे मत देता येतं, हे वॉर्डवरच्या एका जमैकन सिस्टरने सांगितलं तेव्हा मला ती थट्टा करतेय असं वाटलं. प्राथमिक शाळेत केंद्र, दोरीला बांधलेली पेन्सिल. बाहेर आल्यावर मी बोट बघितलं, शाई नव्हती. मत दिलंसं वाटेचना.

तुला दोन मतपत्रिका मिळतील, एक मतदारसंघाची, एक प्रदेशाची. त्या निवडणुकीला फोटो ओळखपत्र लागत नाही. नाव डंडीच्या पत्त्यावर नोंदव. नॅशनल इन्शुरन्स नंबर विचारतील, तो निळ्या फायलीत आहे. ड्युटीवरून आले की सकाळी फोटो पाठवते.

तुझी
आई

ता. क. ८६ पाउंड मी विसरलेले नाही.